डोळे मिटून बोललेलं

आमच्या यवतच्या ख्रिस्ती मंडळीत भांडायला बंदी होती, म्हणून लोक प्रार्थनेत भांडायचे.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. रविवारच्या उपासनेत मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहावं, डोळे मिटावे आणि मोठ्यानं प्रार्थना करावी. कुणाची प्रार्थना चालू असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हा नियम सगळ्याच चर्चमध्ये असेल. त्या नियमाचा फायदा उठवायची युक्ती मात्र आमच्याच लोकांना सुचली. सारजाबाई उठायच्या, पदर डोक्यावर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "हे कनवाळू बापा, ज्यांची म्हस दुसऱ्याच्या कडब्याला तोंड लावती, त्यांची बी तू कीव कर." म्हैस सगुणाबाईंची. या दोघी सख्ख्या जावा, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. सारजाबाई खाली टेकतात न टेकतात तोच सगुणाबाई उभ्या. "बापा, ज्यास्नी दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आन् सोताचं मुसळ दिसत न्हाई, त्यास्नी तू दृष्टी दे." मग दोन्हीकडून आमेन. कुणाचा आमेन जोरात, यावरून त्या आठवड्याचा निकाल लागायचा.

मी अंजना. भांडगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि मंडळीची सेक्रेटरी. मी स्वतः प्रार्थनेत कधी टोमणा मारला नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला बोला. माझे टोमणे शुद्ध भाषेत असायचे, एवढाच फरक.

मंडळी म्हणजे बावीस घरं आणि हायवेच्या मागच्या अंगाला एक पत्र्याचा हॉल. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी यायचे. बाकीचे रविवार आमचे आम्ही. त्यासाठी मंडळी आपल्यातलाच एक पुढारी निवडते. चौऱ्याण्णव साली आम्ही शांतवन उमाप यांना निवडलं. खरं कारण सांगायचं तर दोन्ही जावांच्या गटांना वाटलं, हा माणूस आपल्या मुठीत राहील.

उमापमामा दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हरमन, म्हणजे लिव्हर ओढून गाडीचे रूळ बदलणारे होते. रोज सायकलवरून यवत स्टेशन, तिथून पॅसेंजरनं दौंड. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, हाताला घट्टे पडलेले. बोलायला इतके सावकाश की त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत माझं मनातल्या मनात तीनदा उत्तर तयार व्हायचं. गाण्याच्या बाबतीत देवानं त्यांच्यावर कृपा केली नव्हती, आणि हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. असा माणूस पुढारी. पुढारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कडक इस्त्रीचा सदरा येतो. आमचा पुढारी उपासनेच्या आधी तासभर येऊन सतरंज्या झटकायचा.

पहिले दोन-तीन महिने त्यांनी नुसतं ऐकलं. मग एका रविवारी सारजाबाईंची म्हशीची प्रार्थना संपली, सगुणाबाई पदर खोचून उठायला लागल्या, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा. अजून आमेन म्हणू नका."

आम्ही सगळ्यांनी डोळे उघडले.

"आमच्या केबिनीत एक रीत हाय," मामा म्हणाले. "स्टेशन मास्तर फोनवर सांगतो, अमक्या लाइनीवर गाडी घ्या. मी लगीच लिव्हर वढत न्हाई. मास्तर जे बोलला ते शब्दाला शब्द परत म्हणून दावतो. त्यो 'बरोबर' म्हणला का मंगच लिव्हरला हात. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर गाडीवर गाडी. तवा सगुणाबाई, आधी सांगा, सारजाबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझी म्हस चोरटी हाय."

"बरोबर?" मामांनी सारजाबाईंना विचारलं.

"न्हाई. चोरटी कुठं म्हणाले मी? तिचं दावं कुजलंय, रोज तुटतंय, आन् ह्या बदलत न्हाईत."

"सगुणाबाई, परत सांगा."

सगुणाबाईंनी तोंड वाकडं करून सांगितलं. दुसऱ्यांदा चुकल्या. तिसऱ्यांदा बरोबर आलं. बरोबर आलं तेव्हा भांडण उरलंच नव्हतं, नुसतं दावं उरलं होतं. पुढच्या आठवडेबाजारात सगुणाबाईंनी नवं आणलं. पाच वर्षांचं वैर एका दाव्याचं निघालं, यावर मंडळी कितीतरी दिवस हसत होती आणि त्या दोघी कितीतरी दिवस चिडत होत्या.

तेव्हापासून 'आधी बरोबर, मग आमेन' ही आमची म्हणच झाली. कुणाला कुणाविषयी काही सांगायचं असेल तर समोरासमोर बसायचं. ऐकणाऱ्यानं आधी ऐकलेलं परत म्हणायचं, मग आपलं बोलायचं. मला सुरुवातीला हे पोरकट वाटलं. शाळेत पाढे म्हणून घेतात तसं मोठ्या माणसांकडून काय म्हणून घ्यायचं? पण एकदा माझीच पाळी आली. एका तरुण मुलाचं बोलणं परत म्हणताना मी चार वेळा चुकले, तेव्हा कळलं, वीस वर्षं मुलांना 'लक्ष द्या' म्हणून ओरडणाऱ्या बाईला स्वतःला ऐकता येत नाही. दोन-तीन वर्षांत आमच्याकडून पुण्याच्या कार्यालयात जाणारे तक्रारअर्ज बंद झाले. पाळकसाहेब एकदा म्हणाले, यवतचं पाकीट आलं नाही की चुकल्यासारखं होतं.

हे सगळं मी कौतुकानं लिहिते आहे, आणि ते खरंच आहे. पण मामा मला खरे कळले ते त्यांनी काय नीट केलं त्यावरून नाही. त्यांच्या हातून जे मोडलं, त्यावरून कळले.

आमच्या मंडळीत करुणा नावाची मुलगी होती. मुलगी म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची. नवरा महेंद्र ट्रकवर ड्रायव्हर. अठ्ठ्याण्णव साली तो झिजत झिजत गेला, टीबी म्हणून सांगितलं गेलं. मागं करुणा आणि चार वर्षांची भाग्यश्री. करुणा ब्लाउज शिवायची. हात इतका सफाईदार की भांडगाव, कासुर्डीच्या बायकासुद्धा कापड घेऊन यायच्या. पुढच्या वर्षी तिला सारखा ताप यायला लागला. पुण्याला जाऊन तिनं रक्त तपासून घेतलं. जो रोग महेंद्रला होता, तोच निघाला. त्या वेळी त्या रोगाचं नाव ढाब्यांच्या भिंतींवर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, आणि माणसाच्या तोंडून ते कुजबुजल्याशिवाय निघायचं नाही. भाग्यश्री त्यातून वाचली होती.

करुणानं हे एकाच माणसाला सांगितलं, उमापमामांना. कुणालाही सांगू नका म्हणून हात धरला. मामांनी दगडाबाईंनासुद्धा, म्हणजे स्वतःच्या बायकोलाही, सांगितलं नाही.

आणि पुढच्याच रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला ते उभे राहिले. डोळे मिटले. आधी सगुणाबाईंच्या गुडघ्यासाठी मागितलं, मग कुणाच्या तरी मोतीबिंदूसाठी. मग त्यांचा आवाज बदलला आणि ते म्हणाले, "प्रभू, आमच्या करुणावर दया कर. तिच्या रक्तात जो एड्सचा रोग आलाय..."

वाक्य तिथंच तुटलं. मी डोळे उघडले तर सगळ्यांचेच उघडे होते. मिटलेले फक्त मामांचे. ते उघडायचा त्यांना धीर होत नव्हता.

करुणानं भाग्यश्रीला उचललं, चपला हातात घेतल्या आणि ती निघून गेली.

त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे लहान मूलसुद्धा सांगेल. आठवडाभर ते तिच्यासाठी मनातल्या मनात तीच प्रार्थना करत होते, तीच तोंडातून बाहेर पडली. पण सारजाबाईंनी पाच वर्षं टोमणे मारून जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं या भल्या माणसानं एका वाक्यात केलं. मंगळवारपर्यंत यवतला कळलं, शुक्रवारपर्यंत भांडगावला. बायका शिवायला टाकलेली कापडं तशीच परत न्यायला आल्या. घरमालकानं खोली सोडायला सांगितलं नाही, पण भाग्यश्रीनं नळाला हात लावला की त्याची बायको तोटी धुवायला लागली. करुणाचा भाऊ शिरूरला. त्यानं निरोप धाडला, ये, पण गोठ्याशेजारच्या खोलीत राहावं लागेल. करुणानं ट्रंक भरली. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरची एसटी सकाळी सुटते, ती सोमवारी धरायचं तिनं ठरवलं होतं. ती गेली असती तर कुणीच आडवं आलं नसतं. खरं सांगायचं तर काहींना सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि त्यात मी एक होते.

शनिवारी मामा माझ्या दारात उभे. "बाई, सलाम. माझ्यासंगं करुणाकडं चला."

"मी कशाला?"

"ती जे बोलंल ते मला परत म्हणायचं हाय. मी काय गाळलं तर तुम्ही सांगा. मला आता माझाच भरवसा वाटंना."

करुणा ट्रंकेवर बसली होती. आम्हाला बसा म्हणाली नाही. मामा उंबऱ्याच्या आतच भुईवर बसले आणि म्हणाले, "बोल, पोरी. मी ऐकतो."

करुणानं आधी भाग्यश्रीला बाहेर खेळायला धाडलं. मग म्हणाली, "तुम्ही मला भर लोकांत उघडं केलं."

मामा म्हणाले, "माझ्या बोलण्यानं तुला तरास झाला."

"न्हाई. मी तसं म्हणाले न्हाई."

"मी तुजं गुपित..."

"तसं बी न्हाई. मी काय म्हणाले?"

सत्तावीस वर्षं केबिनमध्ये शब्दाला शब्द परत म्हणणारा माणूस, त्याला पाच-सहा शब्द म्हणता येईनात. मला इतकं अवघडलं की मीच मध्ये म्हणाले, "करुणा, त्यांना समजलंय गं." तर मामांनी हात वर करून मला गप्प केलं.

"मी तुला," ते म्हणाले, "भर लोकांत उघडं केलं."

"बरोबर," करुणा म्हणाली. आणि मग ती रडली. महेंद्र गेला तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून ती पुढं बोलली. ती बोलत गेली आणि मामा एकेक वाक्य परत म्हणत गेले. माझी रोजी गेली. माझी रोजी गेली, म्हंजी तुझी. माझ्या लेकीला नळावर हात लावू देत न्हाईत. तुझ्या लेकीला नळावर हात लावू देत न्हाईत. शेवटी मामांनी विचारलं, "मी काय करू?"

"माफी मागू नका. मला आत्ता माफ करायचं न्हाई," ती म्हणाली. "आन् मी सांगत न्हाई तवर तुम्ही लोकांत प्रार्थना करायची न्हाई."

मामांनी तेही परत म्हणून दाखवलं. ती "बरोबर" म्हणाली.

ट्रंक तशीच भरलेली राहिली, पण सोमवारची एसटी तिनं धरली नाही.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मामा मंडळीपुढं उभे राहिले. रोगाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. म्हणाले, "एका लेकीनं इस्वासानं सांगितलेली गोष्ट मी हितं फोडली. प्रार्थना म्हणून फोडली. ती प्रार्थना नव्हती, चहाडी होती. चहाडी करणाऱ्यानं डोळे मिटले म्हणून ती देवाला जात न्हाई. इथून फुडं ती सांगंल तवर मी मोठ्यानं प्रार्थना करणार न्हाई. तुम्हाला दुसरा पुढारी बघायचा आसंल तर बघा."

कुणी बघितला नाही. पण पुढारी आहे आणि प्रार्थना करत नाही, हे कसं दिसतं ते आम्ही त्यानंतर चौदा महिने पाहिलं. मामा सतरंज्या झटकायचे, शास्त्रपाठ वाचायचे, बेसूर गायचे. मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली की खाली मान घालून गप्प. बाहेरचे पाहुणे विचारायचे, तुमचे पुढारी बोलत का नाहीत? आम्ही सांगायचो, त्यांची एक चूक झाली आहे. एवढं उत्तर पुरायचं. पुढाऱ्याची चूक झाली आणि छप्पर कोसळलं नाही, हे एकदा पाहिल्यावर बाकीच्यांनाही आपापल्या चुका सांगायला बळ आलं. एका रविवारी सगुणाबाईंनी कबूल केलं की दावं तुटायचं नाही, त्याच ते सोडायच्या.

दगडाबाईंनी त्यांच्या परीनं काम केलं. त्या दर महिन्याला ब्लाउजचं कापड घेऊन करुणाकडं जायच्या. त्यांना आयुष्यात वर्षाला दोनपेक्षा जास्त ब्लाउज कधी लागले नव्हते. "रोज नवा घालती का काय तुझी बायकू," म्हणून स्टेशनवर मामांची चेष्टा व्हायची. नवा ब्लाउज अंगात घालून दगडाबाई मुद्दाम गिरणीत, बाजारात, नळावर जायच्या आणि शिलाई दाखवायच्या. हळूहळू कापडं पुन्हा यायला लागली.

आता माझं सांगते. करुणा पुन्हा उपासनेला येऊ लागली, आणि प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून त्यात सगळे द्राक्षरस पितात, आणि आमच्याकडं प्याला एकच असतो, तो सगळ्यांत फिरतो. मी सभेत ठराव मांडला की आरोग्याच्या दृष्टीनं प्रत्येकाला छोटा वेगळा प्याला असावा. भाषा इतकी शुद्ध होती की कुणाला वावगं काही दिसलं नाही. मामांना मात्र दिसलं.

"चांगलं हाय, बाई," ते म्हणाले. "करुणाला तुम्ही हे जाऊन सांगा. ती काय म्हणाली ते हितं येऊन परत म्हणा. मंग ठराव घेऊ."

मी गेले. ती मशीनवर होती. दोऱ्याचं टोक दातानं तोडून तिनं माझ्याकडं पाहिलं. तो रोग प्याल्यानं पसरत नाही, हे मला ठाऊक होतं. शाळेत आलेल्या डॉक्टरांचं व्याख्यान मीच ठेवलं होतं. तरी मी ठराव मांडला होता. तिच्यासमोर उभं राहून ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "माप घे." तिनं माप घेतलं. मला ब्लाउजची काही गरज नव्हती.

ठराव मी मागं घेतला. प्रभुभोजनाला करुणा माझ्या आधी होती. प्याला माझ्या हातात आला तेव्हा तिचे ओठ कुठं लागले होते ते मी शोधलं, हे मी लपवत नाही. मी प्याले. इतकी वर्षं पीत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या प्याल्याचा अर्थ कळला. आणि तो समजायला मला पंचेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं, याची लाज वाटली.

दोन हजार साल संपताना, मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी, करुणा बसल्या जागेवरून म्हणाली, "मामा, आज तुम्ही करा." मामा उठले. त्यांची प्रार्थना एवढीच होती: "प्रभू, माझ्या तोंडावर पहारा ठेव." मग ते बसले. त्यांनी माफी झाली का विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

पुढं सरकारी दवाखान्यात त्या रोगाच्या गोळ्या मिळू लागल्या. करुणाच्या अंगावर मांस चढलं. दर महिन्याला पुण्याच्या फेऱ्या मारून मारून तिला दवाखान्यातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक केसपेपर पाठ झाला. मंडळीत कुणाला काही दुखलं-खुपलं की लोक तिच्याकडंच जायचे, आणि मनातलं काही सांगायचं असलं तरी तिच्याकडंच. भाग्यश्री आठवीला गेली.

दोन हजार सात साली मामा रिटायर झाले आणि सहा महिन्यांत खचले. चेहरा काळवंडला, पॅन्ट दोरीनं बांधायची वेळ आली. दगडाबाई आणि करुणा त्यांना पुण्याला घेऊन जायच्या. काय झालंय ते तिघंही सांगत नव्हते. यवतला तर्काला तोटा नव्हता. कुणी काही म्हणे, कुणी काही. एकानं तर हलक्या आवाजात असंही म्हटलं की करुणाच्या हातचं खात होते ना, मग. सारजाबाईंनी मला दोनदा विचारलं. मी करुणाला तीनदा विचारलं. सेक्रेटरी म्हणून विचारते, असं सांगून.

एका रविवारी मामा मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची वेळ आली आणि करुणा उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधीच मोठ्यानं प्रार्थना करायला उठली नव्हती. आम्ही डोळे मिटले होते, पण कान सगळ्यांचे तिच्याकडं होते.

"देवा," ती म्हणाली, "आमच्या मामास्नी काय झालंय ते तुला ठाव हाय. मला बी ठाव हाय. ते मी हितं सांगणार न्हाई. तू त्यास्नी बरं कर. आमेन."

मामा त्यानंतर सात महिन्यांनी गेले. त्यांना काय झालं होतं, ते दगडाबाई आणि करुणा सोडून आमच्या बावीस घरांत आजही कुणाला माहीत नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.